थंड पाण्यासाठी डायव्हिंग सूट घेताना या चुका टाळा

‘किती एमएमचा घेऊ?’ थंड पाण्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न, आणि गडबड इथूनच सुरू होते. तळाशी पाणी किती थंड आहे, किती खोल जायचंय, किती वेळ थांबायचंय, हे आधी सांगा. जाडीचं नंतर बघू.

वेटसूट ज्या फुगीर रबराचा असतो, त्या निओप्रीनमधली ऊब त्यातल्या गॅसच्या बारीक बुडबुड्यांत असते. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, बुडबुडे चेपतात आणि ७ एमएमचा सूट साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे जिथे पाणी सर्वांत गार, नेमका तिथेच सूट सर्वांत पातळ. त्यात तलावांमध्ये वर १८ अंश आणि खाली थर बदलला की ६ अंश, हे उन्हाळ्यातही सर्रास आढळतं. वरच्या पाण्यात हात घालून सूट ठरवणाऱ्याचे दात खाली गेल्यावर वाजतातच. ढोबळ हिशेब असा: तळाशी १० अंशांच्या खाली असेल तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट. १० ते १६ मध्ये चांगला ७ एमएम सेमी-ड्राय (अगदी थोडंच पाणी आत येऊ देणारा वेटसूट) चालतो, पण एकाच दिवशी दुसरी डाइव्ह असेल तर तिथेही ड्रायसूटच बरा. ओला सूट अंगात घालून वाऱ्यात तासभर बसलं की अंगातली ऊब निघून जाते, मग दुसऱ्या डाइव्हची सुरुवातच कुडकुडत होते.

वेटसूट ढगळ घेणं ही जाडीपेक्षा मोठी चूक. आत शिरलेलं पाणी अंगानं तापतं आणि तिथेच टिकलं पाहिजे. सूट सैल असला की प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर होत राहतं. दुकानात झिप लावा, उकिडवे बसा, हात डोक्यावर न्या, मग कमरेच्या खोलगट भागावर तळहात दाबून सोडा. आत हवा खेचली गेल्याचा आवाज आला तर तो सूट परत ठेवा. मान, काख आणि गुडघ्याच्या मागची बाजूही बघा. पाच मिनिटं घालून न बघता सूट विकत घेणाऱ्यांची कीव करावी की राग, कळत नाही.

आता ड्रायसूटच्या गळ्याचं लेटेक्स सील, म्हणजे पाणी अडवणारी घट्ट रबरी कॉलर. दरवेळी तोच प्रकार. नवशिक्या पहिल्यांदा सूट घालतो, गळा आवळल्यासारखा वाटतो, घरी जाऊन कात्री काढतो आणि सीलच्या काठाच्या तीन रिंगा एका दमात उडवतो. पुढच्या डाइव्हला मान वळवली की बर्फासारखं पाणी छातीवरून पोटात उतरतं. आत घातलेला उबदार अंडरसूट भिजला की ऊब संपली आणि डाइव्हही संपली. मग नवं सील चिकटवायचा खर्च. याउलट ‘सवय होईल’ म्हणून घट्ट सील सोसणंही धोक्याचं. मानेच्या धमनीवर दाब आला की नाडी मंदावते, डोकं हलकं होतं, शुद्धही हरपू शकते.

आधी ताणा, मग कापा. गळ्याच्या घेरापेक्षा किंचित लहान घेराच्या गुळगुळीत डब्यावर सील रात्रभर चढवून ठेवा. तरीही घट्ट वाटलं तर एकच रिंग कापा, घालून बघा, मग पुढची. कात्री धारदार आणि लांब पात्याची हवी, कापही अखंड हवा. काठाला बारीकशी खाच राहिली तरी सील तिथूनच फाटतं.

मनगटातून पाणी आलं की लोक सीलला शिव्या घालतात. बऱ्याचदा दोष मुठीचा असतो. हातातली दोरीची रीळ घट्ट आवळली की मनगटाच्या कंडरा वर येतात आणि त्यांच्या बाजूच्या खाचांतून पाणी आत सरकतं. सील कोपराच्या दिशेनं थोडं वर चढवा आणि पकड सैल ठेवा.

ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या पातळ कापडाचा) ड्रायसूट स्वतः जवळजवळ काहीच ऊब देत नाही, ती अंडरसूटची. म्हणून सूटचं माप अंडरसूट घालूनच द्या. आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतो. लोकर किंवा पॉलिस्टर घाला.

बाकीच्या चुका थोडक्यात. हूडखाली गळ्याच्या सीलमध्ये एक केस अडकला तरी गळती होते. पाच बोटांचे जाड ग्लोव्ज खूप थंड पाण्यात कमी पडतात, तिथे तीन बोटांचे किंवा ड्राय ग्लोव्ज घ्या. बोटं बधिर झाली की बकलही सुटत नाही. ड्रायसूटमध्ये हवा भरणारा इन्फ्लेटर दाबून धरू नका, गोठून उघडाच राहू शकतो. छोटे छोटे फवारे द्या. वर येताना दंडावरचा हवा सोडणारा डंप व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि डावं कोपर उंच धरा. पायात हवा साठली तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारा, उलटं तरंगत वर जाऊ नका. पितळी झिपला दातांवर बाहेरून मेण लावा. सिलिकॉन स्प्रे सूटजवळही आणू नका, त्यावर पुढे डिंक चिकटत नाही.

आणि शिशाचं वजन जुन्या सूटच्या अंदाजानं बांधू नका. सिलिंडरमध्ये हवेचा ५० बार दाब उरलेला असताना, ५ मीटरवर, सूटमध्ये अंगाला बोचणार नाही इतकीच हवा ठेवून स्थिर राहता आलं पाहिजे. ते जमेपर्यंत एकेक किलोनं कमी-जास्त करा.