केबिन क्रूचे भत्ते आणि प्राप्तिकर : विवरणपत्र कसे भरावे

पेरणीची धांदल सुरू झाली की तालुक्याच्या गावातील माझ्या लहानशा कार्यालयात शिक्षक, कापसाचे व्यापारी आणि बडनेऱ्याकडचे लोको पायलट यांच्यासोबत, विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून लागलेली आसपासच्या खेड्यांतील मुलेमुलीही आता येऊ लागली आहेत. त्यांच्या हातात फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला असतो आणि मोबाइलमध्ये ‘भत्ता म्हणजे करमुक्त’ असे ठासून सांगणारा कुणाचा तरी व्हिडिओ असतो. हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाकावे. खालील सर्व आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे १९६१ च्या कायद्याखाली भरायच्या विवरणपत्राचे आहेत.

बारा महिन्यांची पगारपत्रके, फॉर्म १६, वार्षिक माहिती पत्रक (एआयएस) आणि वर्षभराचे रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, समोर ठेवावे.

त्यानंतर भत्त्यांच्या भानगडीत पडण्याची गरज तरी आहे का, हे पाहावे. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७अ ची सवलत मिळते. म्हणजे दुसरे काही उत्पन्न नसेल तर १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर शून्य होतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झालेल्या बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो. अशा वेळी जुनी प्रणाली निवडून भत्त्यांच्या पावत्या गोळा करत बसणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. शेअर विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने कर लागत असेल, तर तेवढ्या करावर मात्र ही सवलत मिळत नाही.

पगार याहून जास्त असेल किंवा घरभाडे आणि गृहकर्जामुळे जुनी प्रणालीच परवडत असेल, तर भत्त्यांची विभागणी करावी लागते. खरी अडचण इथेच आहे आणि मीही इथेच दोनदा तोंडघशी पडलो आहे. पगारपत्रकावर भत्त्याचे नाव काय छापले आहे याला फारसे महत्त्व देऊ नये. तो कशासाठी दिला आहे हे नियुक्तिपत्रात किंवा कंपनीच्या भत्ता धोरणात वाचावे. उड्डाणाच्या तासांप्रमाणे मिळणारी रक्कम कामाचाच मोबदला असेल, तर तो पगार आहे आणि तो पूर्ण करपात्र आहे. बेसपासून, म्हणजे नेमणुकीच्या शहरापासून, दूर मुक्काम पडल्यावर रोजच्या खर्चासाठी मिळणारा दैनिक भत्ता कलम १०(१४)(i) मध्ये येतो आणि तो दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. पण प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरताच. इथे मूळ गाव नव्हे, तर कामाचे नेहमीचे ठिकाण मोजले जाते. मुंबई बेस असलेली वर्ध्याची मुलगी नागपुरात मुक्कामाला राहिली, तर ती कायद्याच्या दृष्टीने बाहेरगावीच असते. मात्र ती रात्री घरी जाऊन जेवली, तर आईच्या हातच्या झुणका-भाकरीचे बिल होत नाही, आणि जो खर्च झालाच नाही त्याची सूटही मागता येत नाही. हॉटेल आणि जेवण कंपनीकडून असेल, तर खर्चाचा आकडा लिहिताना हात आखडताच ठेवावा.

तिसरा प्रकार कलम १०(१४)(ii) चा आहे. वाहतूक सेवेत प्रत्यक्ष गाडी किंवा विमान चालू असताना होणाऱ्या वैयक्तिक खर्चासाठी दिलेल्या भत्त्याच्या ७० टक्के, कमाल दरमहा १०,००० रुपये, एवढी सूट मिळते. पण त्या कर्मचाऱ्याला दैनिक भत्ता मिळत नसेल तरच, आणि फक्त जुन्या प्रणालीत. मी पहिल्या वर्षी एका मुलीच्या विवरणपत्रात दैनिक भत्ता आणि ही ७० टक्क्यांची सूट असे दोन्ही दावे लावले. प्राप्तिकर खात्याकडून प्रस्तावित फेरबदलाची सूचना आली, उत्तराला तीस दिवस मिळाले आणि मला निमूटपणे एक दावा मागे घ्यावा लागला.

दुसरी चूक अधिक फसवी होती. मर्यादा महिन्याची आहे. मी हिशेब वर्षाचा केला. समजा, सहा महिने २०,००० आणि सहा महिने ६,००० असा भत्ता मिळाला. वर्षाची बेरीज १,५६,००० होते, तिचे ७० टक्के १,०९,२०० होतात आणि हा आकडा १,२०,००० च्या आत असल्यामुळे सगळे बरोबर वाटते. प्रत्यक्षात पहिल्या सहा महिन्यांचे ७० टक्के १४,००० होत असले तरी सूट १०,००० वरच थांबते, म्हणजे ६०,००० मिळतात. उरलेल्या सहा महिन्यांचे दरमहा ४,२०० प्रमाणे २५,२०० होतात. एकूण सूट ८५,२०० आहे आणि फरक तब्बल २४,००० रुपयांचा आहे. म्हणून कोरा कागद घेऊन बारा ओळी आखाव्यात आणि प्रत्येक महिना वेगळा मांडावा.

गणवेश भत्त्याला जुन्या प्रणालीत झालेल्या खर्चापुरती सूट आहे, नव्या प्रणालीत ती नाही. घरभाड्याची सूट ज्या घरात आपण प्रत्यक्ष राहतो त्याच घराची मिळते. राहायचे अंधेरीत आणि भाडेपावती गावातल्या वडिलांची लावायची, हा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

फॉर्म १६ मध्ये सूट दिसत नसेल तर आधी कंपनीला विचारावे. नुसता विवरणपत्रात दावा टाकला की आकडे जुळत नाहीत.

आता आपल्याकडच्या मुलांची एक गोष्ट, जी मुंबईचे सल्लागार विचारत नाहीत. सात-बाऱ्यावर नाव आहे का? वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा बगीचा किंवा कापसाचे चार एकर वाट्याला आले असतील आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. शेतीवर कर नसला तरी ते उत्पन्न दर ठरवण्यासाठी पगारात मिळवले जाते, आणि ८७अ ची सवलत ६०,००० रुपयांवर थांबत असल्यामुळे वरचा शून्याचा हिशेबही बिघडू शकतो. तो पुन्हा मांडून मगच प्रणाली निवडावी.

विवरणपत्र दाखल केल्यापासून तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणी करावी. ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो आणि तो फोन बऱ्याचदा गावी वडिलांच्या खिशात असतो, म्हणून ते शेतावर निघण्यापूर्वीच पडताळणी करून घ्यावी.