लहान-मोठ्या, जुन्या-नव्या शिडाच्या नौकांची तुलना कशी करावी

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, आणि त्याच मांडवीतील दिवाड बेटावर बांधलेल्या नौदलाच्या 56 फुटी शिडाच्या नौकेला तिचेच नाव देण्यात आले. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून चोर्ला घाट उतरून जुनी नौका विकत घेण्यासाठी किनाऱ्यावर जाणाऱ्याला बहुधा दोन अगदी भिन्न नौकांतून निवड करावी लागते. एक लहान आणि जुन्या धाटणीची असते, तर दुसरी मोठी आणि अलीकडची. अशी तुलना शिकण्यासाठी म्हादई आणि सुहेली ही जोडी फार उपयोगी आहे. 32 फुटी सुहेली 1960च्या दशकात मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली, आणि तिच्यावरून ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, 312 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. म्हादई नौदलात 2009 मध्ये दाखल झाली. तिच्यावरून नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी थांबे घेत आणि नंतर अभिलाष टॉमी यांनी न थांबता अशीच एकट्याने प्रदक्षिणा केली.

टॉमींना या सफरीस सुमारे पाच महिने लागले, म्हणून म्हादई दुपटीने वेगवान ठरते असा निष्कर्ष काढू नये. सुहेली इंग्लंडमधील फाल्मथहून निघून तेथेच परतली, तर म्हादईचा प्रवास मुंबई ते मुंबई असा होता. अंतर, वारा आणि ऋतू निराळे असताना केवळ दिवस मोजण्यात अर्थ नाही.

तुलनेची सुरुवात नौकेच्या एकूण लांबीने न करता पाण्याला टेकलेल्या भागाच्या लांबीने, म्हणजे जलरेषेने करावी. जड कवचाच्या (कवच म्हणजे नौकेचे बाहेरचे अंग) नौकेचा कमाल वेग साधारणपणे जलरेषेच्या फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणल्यास नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मिळतो. सुहेलीची जलरेषा 28 फूट आहे, म्हणून तिचा वेग सुमारे 7.1 नॉट येतो. मोठ्या नौकेची जलरेषा हिशोबापुरती 49 फूट धरली, तर 9.4 नॉट मिळतात. एकूण लांबी पावणेदोनपट होऊनही वेग जेमतेम एक तृतीयांशाने वाढतो, हे विकत घेणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावे, कारण खर्च त्या प्रमाणात थांबत नाही. तळाला रंग लावायचे क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते, आणि शिडे, दोर, नांगर, दोर ओढण्याचे विंच हे सारे वजनदार आणि महाग होत जाते.

वजनाचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही जलरेषेच्या संदर्भात. म्हादईचे वजन सुमारे 23 टन आहे. सुहेली त्याच्या निम्म्याहून हलकी असली, तरी आपल्या लांबीच्या मानाने ती बरीच जड नौका आहे. अशी नौका भर वाऱ्यात संथपणे डुलते, सामान जास्त भरले तरी फारशी बिघडत नाही, मात्र मंद वाऱ्यात जागची हलत नाही. हलकी नवी नौका मंद वाऱ्यातही चालते, पण लाटांवर आपटते.

काळातला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो नौकेच्या तळाशी असलेल्या कीलमध्ये, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या वजनदार पात्यात. जुन्या धाटणीत कील जवळजवळ पूर्ण लांबीची असते आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला बसवलेले असते. ऑस्ट्रेलियाजवळ सुहेलीचे स्वयंचलित सुकाणू निकामी झाले, तरी शिडांचा समतोल साधून ती पुढे जात राहिली, हे अशा कीलशिवाय कठीण होते. नव्या नौकांची कील आखूड आणि खोल असते, त्यामुळे त्या चटकन वळतात, पण सुकाणूवर सतत लक्ष लागते. कीलमधले वजन बिडाचे आहे की शिशाचे, हेही विचारावे. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाशी परिचय असलेल्यांना हे सांगायला नको की, बिडाची घनता 7.2च्या आसपास असते आणि शिशाची 11.3, त्यामुळे तेवढेच वजन शिशात कमी जागेत आणि अधिक खाली बसते. शिवाय बीड गंजते. कील आणि कवच यांच्या सांध्यावर तपकिरी ओघळ दिसले, तर बोल्ट काढून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. खोलीही विसरू नये, कारण मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध आहे आणि खोल कीलच्या नौकेला तेथे भरतीची वाट पाहावी लागते.

कवचाची परीक्षा दोन्हींची वेगवेगळी करावी लागते. सागवान टिकाऊ असले तरी फळ्यांचे सांधे समुद्रात ताणले जातात. सुहेलीच्या कीललगतच्या सांध्यांतून पाणी येऊ लागल्यावर नॉक्स-जॉन्स्टन यांना अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरून फटींत सूत ठासावे लागले होते. म्हणून लाकडी नौकेत सर्वांत आधी कीललगतची फळी तपासावी. म्हादई लाकडी गाभ्यावर फायबरचे थर देऊन बनवलेली आहे. अशा कवचावर प्लास्टिकच्या टोकाची छोटी हातोडी हळूहळू ठोकत जावे. सुका गाभा खणखणीत वाजतो, पाणी शिरलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो. त्या जागा खडूने आखून फोटो काढून ठेवावेत.

हाताळणीबाबत लांबीपेक्षा एकेका शिडाचा आकार महत्त्वाचा असतो. सुहेलीवर दोन डोलकाठ्या आहेत, त्यामुळे शिडांचे क्षेत्रफळ लहान तुकड्यांत विभागले जाते आणि वादळात एक माणूस ते आवरू शकतो. म्हादई एकट्याने चालवणारे दोघेही नौदलाचे कसलेले अधिकारी होते, हे विसरून मोठ्या नौकेचा मोह धरू नये. बेळगावहून शनिवार-रविवारी जाणाऱ्या दोघांसाठी माझ्या मते 30 ते 35 फुटांची, लांब कीलची फायबर नौका योग्य ठरते. लाकडी नौका त्यांनीच घ्यावी, ज्यांना आठवड्यातून अनेकदा तिच्याजवळ जाता येते.

शेवटी, दोन्ही नौका एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात, मॉन्सूनपूर्वी किंवा मॉन्सून सरल्यावर समुद्रात नेऊन पाहाव्यात. शीड कमी करून सुकाणू क्षणभर सोडावे आणि नौका किती वेळ मार्ग धरून राहते ते पाहावे. परत आल्यावर नौकेच्या आतल्या, पायाखालच्या फळ्या उचलून किती पाणी साचले आहे तेही मोजावे.