कंपनीच्या नावावर मोटरसायकल घेताय? आधी हिशेब मांडा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की हा प्रश्न ठरलेला. मी जळगावात छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे हिशेब लिहिते. अमळनेर-पारोळ्याकडचा कुणीतरी डायरेक्टर फोन करतो, "ताई, गाडी कंपनीना नाववर लेऊ का? टॅक्स वाचस म्हनतस." वाचतो, पण किती ते बघू.

समजा विमा सोडून, नोंदणीसकट गाडी १,२०,००० रुपयांना पडली. घसारा, म्हणजे गाडी झिजते म्हणून दरवर्षी उत्पन्नातून वजा करायची रक्कम, १५ टक्के; पहिल्या वर्षी १८,०००. कंपनीने आयकराचा २२ टक्क्यांचा दर निवडला असेल तर अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के होतात. वाचलेला कर साधारण ४,५३० रुपये. पुढच्या वर्षी उरलेल्या १,०२,००० वर १५,३०० घसारा, त्याच्या पुढच्या वर्षी १३,००५. असा तो घटत जातो. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, कर्जाचं व्याज हे खर्चात जातं, ते वेगळं. बिजलीवर चालणारी गाडी घेतली तर घसारा ४० टक्के आणि जीएसटी फक्त ५ टक्के. गावातल्या गावात फिरणाऱ्याने तरी तिचा विचार करावा.

आता जीएसटी. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर टाकला की क्रेडिट मिळतं, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी कंपनीने भरायच्या जीएसटीतून वजा होतो, असं शोरूमवाला छातीठोकपणे सांगतो. मिळत नाही. चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी वाहनांवरचं क्रेडिट कायद्यानेच बंद आहे आणि मोटरसायकल त्यातच येते. गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल हा धंदा असेल तरच सूट. सर्व्हिसिंग आणि विम्यावरचा जीएसटीही तसाच अडकतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के आणि त्यावरच्या गाडीला ४० टक्के जीएसटी आहे. तो गाडीच्या किमतीत धरून घसारा घ्यायचा, एवढंच हाती लागतं. पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच.

मुहूर्ताचंही गणित आहे. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा, ७.५ टक्के. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत गाडी रस्त्यावर आली पाहिजे. २०२५ला दसरा २ ऑक्टोबरला होता, ज्यांनी त्या दिवशी पूजा करून गाडी कामाला लावली त्यांना पूर्ण घसारा मिळाला आणि दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबलेल्यांना अर्धा. २०२६ला अधिक महिन्यामुळे दसराच ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जातो, तेव्हा त्या वर्षी दसऱ्यालाही अर्धाच. आखाजीला घेतली तर प्रश्नच नाही. उलट गुढीपाडवा मार्चमध्ये आला आणि गाडी ३१ मार्चच्या आत खरोखर वापरात आली, तर आठ-दहा दिवसांसाठीही ७.५ टक्के मिळून जातात. नुसतं बुकिंग करून गाडी शोरूममध्ये उभी असेल तर काही नाही.

पैसे कंपनीच्या खात्यातूनच द्या. आपल्याकडे कापूस किंवा केळी विकून घरात रोकड असते आणि डाऊन पेमेंट त्यातून भरायचा मोह होतो. एका दिवसात एकाला १०,०००च्या वर रोख दिली तर ती रक्कम गाडीच्या किमतीत धरलीच जात नाही. ४०,००० रोख भरले तर घसारा ८०,००० वरच.

एवढं करून गाडी डायरेक्टरच रोज चालवणार असेल, तर तिचा खासगी वापर हा त्याला कंपनीकडून मिळालेला लाभ ठरतो आणि त्याच्या उत्पन्नात धरला जातो. घर ते ऑफिस हा प्रवास त्यात मोजत नाहीत, पण लग्नाकार्याला धुळ्याला जाणं मोजतात. म्हणून माझं सरळ मत: चालवणारा एकटा मालकच असेल तर गाडी स्वतःच्या नावावर ठेवा आणि कामापुरते पैसे कंपनीकडून घ्या. पहिल्या वर्षी साडेचार हजार आणि पुढे त्याहूनही कमी, त्यासाठी एवढा व्याप कोण करणार?

कामापुरते पैसे घ्यायचे तर लॉगबुक हवंच. तारीख, कुठे गेलात, किती किलोमीटर, किती खर्च, या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. दोनशे पानी वही पुरते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या वहीत तारखेपुढे नोंद अशी: 'सोमवार. जळगाव–भुसावळ–सावदा–परत. ठिबकच्या नळ्यांची ऑर्डर. रीडिंग १८,४१२ ते १८,५०६.' शेजारी पंपाची पावती पिनने लावलेली, तिच्यावर गाडीचा नंबर. महिन्याअखेरीस व्हाउचर आणि कंपनीचा दाखला, की हा प्रवास कामाचाच होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच शाईने लिहिलेल्या वह्याही माझ्याकडे येतात, त्या लगेच ओळखू येतात. दर आपणच ठरवायचा: समजा पेट्रोल १०५ रुपये, ॲव्हरेज ५०, म्हणजे किलोमीटरला २ रुपये १० पैसे, त्यात टायर, ऑइल, विमा मिळवून साडेतीन-चार रुपये कुणालाही पटतील असे. तो बोर्डाच्या ठरावात लिहून ठेवा.

वसुलीला किंवा शेतावर पाहणीला माणसं पाठवत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे गाडी कंपनीच्याच नावावर हवी. ठराव, कंपनीचा पॅन, नोंदणीचा दाखला आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र एवढे कागद लागतात. कोटेशन मात्र दोन्ही नावांनी मागा आणि आरटीओच्या कराची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा. एमएच १९ (जळगाव) असो की १८ (धुळे), खासगी माणसाचा आणि कंपनीचा कर सारखाच असेल असं गृहीत धरू नका.

विम्यात एक खाच आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आपल्या नावावर गाडी असली की मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण सक्तीचं असतं. मालक कंपनी झाली की ते लागूच होत नाही, कारण कंपनीकडे लायसन्स नसतं. चालवणाऱ्या प्रत्येकासाठी अपघात विमा वेगळा काढा, यात कंजूषपणा नको. जुन्या गाडीवर तुम्ही जमवलेला नो-क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) कंपनीला मिळत नाही, तो तुमचा असतो. आणि पोरांनी ट्रिपल सीट जाऊन चलान आणलं, तर ते कंपनीच्या नावावर येतं. भरा, पण खर्चात टाकू नका. दंड वजावटीत चालत नाही.

पुढे विकताना, घेताना जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नसल्यामुळे, पूर्ण किमतीवर कर नाही. आयकराप्रमाणे घसारा वजा जाऊन गाडीची जी किंमत उरली, तिच्यापेक्षा जास्त आले तर त्या फरकावर १८ टक्के, कमी आले तर काही नाही. ५५,००० उरलेली गाडी ६०,०००ला गेली तर ५,००० वर ९००. ते ९०० गिऱ्हाइकाकडून भाव ठरवतानाच धरून घ्या.