प्रपोझिशन ६ लहान मुलांना कसं सांगायचं

कॅलिफोर्नियात मुलं शाळेत असतील तर २२ मेच्या आसपास, हार्वी मिल्क डेला, घरी प्रश्न येतोच की हे कोण होते आणि त्यांनी केलं काय. मिल्क म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे गे असलेले निवडून आलेले नेते, प्रपोझिशन ६ विरुद्ध ते लढले. पाच-सहा वर्षांच्या पोरांपुढे हक्क, कायदा, घटना असलं काही काढू नका, सरळ टीचरपासून सुरू करा, कारण १९७८ चं प्रपोझिशन ६, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव, होतंच टीचर लोकांबद्दल.

म्हणायचं, समज तुझ्या टीचरचं एका बाईवर प्रेम आहे आणि दोघी एकत्र राहतात, तर जॉन ब्रिग्ज नावाचे राज्याचे एक सिनेटर म्हणाले की अशा टीचरला शाळेतून काढता आलं पाहिजे, मग सगळ्या राज्याला विचारलं, हो का नाही? इथे गप्प बसा. पोरगं स्वतःच विचारतं, पण तिने केलं काय? काहीच नाही. आणि "यात वाईट काय" असं उघडपणे म्हणणाऱ्या टीचरचीही नोकरी जाऊ शकली असती, हे मुलांना जास्त लागतं बघा, मैत्रिणीची बाजू घेतली म्हणून शिक्षा!

गोंधळ होतो तो हो-नाहीचा. "नाही" जिंकलं म्हणजे टीचर वाचल्या, हे नुसतं बोलून डोक्यात शिरत नाही, कागदावर दोन चौकोन काढा आणि दहा शेंगदाणे घ्या, सहा "नाही"त, चार "हो"त (खरं तर "नाही" म्हणणारे ५८ टक्के होते, पण चालतंय). चारही काही कमी नाहीत हे त्यांना आपोआप दिसतं.

मग विचारतील, हो म्हणणारे वाईट होते का? मी तरी वाईट म्हणत नाही, बरेच जण घाबरले होते, अशा टीचरमुळे मुलं बिघडतील असं त्यांना सांगितलं गेलं होतं. रोनाल्ड रेगन तर पक्के रिपब्लिकन, तेव्हा प्रेसिडेंट झाले नव्हते, पण त्यांनीसुद्धा लिहिलं की समलैंगिकता हा काही गोवरासारखा संसर्गजन्य रोग नाही. आताच्या पोरांना गोवर कुठला माहीत, गोवराच्या लसीची, एमएमआरची, सुई आठवते तेवढी, तीच सांगा. आणि मिल्क लोकांना सांगत होते, घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगा की आम्ही गे आहोत, माणूस ओळखीचा निघाला की भीती कमी होते.

मिल्क यांचा त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला खून झाला. विचारलं तर खोटं बोलू नका, पण मतदानाच्या गोष्टीत तो त्याच संध्याकाळी मिसळू नका, नाहीतर झोपेचं खोबरं. त्यापेक्षा ब्रिग्ज यांच्या स्वतःच्या ऑरेंज काउंटीतही "नाही"च जिंकलं हे सांगा, पोरं खदखदून हसतात.