फॅटी ॲसिडने कॅन्सरच्या पेशी मेल्या? आधी हे तपासा

‘जवसातलं ओमेगा-3 आणि स्तनाचा कॅन्सर’ असा प्रोजेक्ट मिळाला की एमएस्सीची मुलं खूश होतात. विषय घरी सांगायलाही सोपा. पण काम तेलाचं आहे आणि मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात ते द्रावण, बहुतांशी पाणी. निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

फॅटी ॲसिड इथेनॉल किंवा डीएमएसओमध्ये विरघळवून देतात, नाहीतर अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून. रक्तातही मोकळी फॅटी ॲसिडं अल्ब्युमिनवर बसूनच फिरतात, म्हणून मला दुसरी पद्धत पटते. अल्ब्युमिन मात्र ‘फॅटी ॲसिड-फ्री’च घ्या. साधं स्वस्त पडतं, पण त्यावर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. कंट्रोलमध्येही, म्हणजे फॅटी ॲसिड न दिलेल्या तुलनेच्या पेशींमध्येही, तेवढंच इथेनॉल किंवा अल्ब्युमिन हवं. नुसता मीडिया म्हणजे कंट्रोल नव्हे. डोस दिल्यावर प्लेट मायक्रोस्कोपखाली बघाच. बारीक चकचकीत थेंब तरंगत असतील तर माल विरघळलेलाच नाही, आणि मग आलेख कितीही देखणा आला तरी तो फेकायचा.

किती पेशी जगल्या याची मोजणी बहुतेक ठिकाणी एमटीटी या रंगचाचणीने होते. 1983 पासूनची ही पद्धत. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान करतात; काही तासांत पेशींवर सुयांसारखे जांभळे स्फटिक दिसू लागतात. मीडिया हलक्या हाताने काढायचा, डीएमएसओ घालायचं आणि 570 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. पण एमटीटी पेशीचा चयापचय मोजतं, मृत्यू नाही. फॅटी ॲसिड तर चयापचयाचंच इंधन! म्हणून जोडीला ट्रिपॅन ब्लू किंवा एलडीएच ही मेलेल्या पेशी दाखवणारी चाचणी करा. फक्त एमटीटीवर ‘अपोप्टोसिस’ (पेशीचा नियोजित मृत्यू) लिहिलेले प्रबंध मी वाचलेत. तसं लिहायला ॲनेक्सिन किंवा कॅस्पेस या खास अपोप्टोसिसच्या चाचण्यांचा पुरावा लागतो.

आता मुख्य गोम. डीएचए या माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 मध्ये 22 कार्बन आणि सहा दुहेरी बंध असतात, त्यामुळे हवा लागली की ते खवट होतं. कुपीत नायट्रोजन भरून, छोटे भाग करून ते उणे 20 किंवा त्याखाली ठेवा. एकदा उघडलेली कुपी महिनाभर वापरत राहू नका. खवटपणातून तयार होणारी पेरॉक्साइडं पेशी मारतात, आणि श्रेय मात्र ओमेगा-3 ला जातं. व्हिटॅमिन ई घालून तोच प्रयोग पुन्हा करा. पेशी वाचल्या तर मारणारं ऑक्सिडेशन होतं. हाही निष्कर्षच आहे, फक्त वेगळा.

निरोगी पेशींना हे सुरक्षित आहे का, हे लोकांना शेवटच्या महिन्यात आठवतं. एमसीएफ-7 या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींशेजारी एमसीएफ-10ए सारख्या कॅन्सर नसलेल्या स्तनाच्या पेशी पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यांचा मीडिया महाग असतो, त्यात घोड्याचं सीरम लागतं, आणि इथेच फसगत होते: सीरम बदललं की अल्ब्युमिन बदलतं आणि मोकळं फॅटी ॲसिडही. शक्य असेल तर डोस दोन्हीकडे सारख्याच मीडियात द्या. पामतेलातलं पाल्मिटिक ॲसिड पॉझिटिव्ह कंट्रोलसारखं, म्हणजे पेशी नक्की मारणारा नमुना म्हणून, ठेवून बघा. प्लेटमध्ये ते निरोगी पेशींनाही सोडत नाही. म्हणून कुणी पामतेलाला औषध म्हणत नाही.

पेशी पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मधून मागवता येतात. आल्या की त्यांत मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग नाही ना ते तपासा आणि पॅसेज नंबर, म्हणजे पेशी किती वेळा नव्या डबीत वाढवल्या तो आकडा, डबीवर लिहा. उंदरांवर काम करायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. बैठका रोज होत नाहीत, तेव्हा अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाका.