जिम्नीची उंची वाढवताय? नुसत्या स्प्रिंगांवर भागत नाही
मारुती सुझुकीच्या जिम्नी या 4x4 गाडीला 2 इंचांची लिफ्ट किट (गाडी उंच करणारे स्प्रिंग वगैरे) बसवली की दगडधोंड्यांत पोट घासत नाही, हे खरं. पण गुरुत्वमध्य वर जातो, त्यामुळे घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते. खरी गोम पुढच्या सॉलिड ॲक्सलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड दांड्यात आहे. गाडी उचलली की त्याचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून नीट सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. शिवाय पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चेसिसशी आडवं जोडणारी दांडी) ॲक्सलला एका बाजूला ओढतो. म्हणून कॅस्टर बुश (तो कोन पुन्हा नीट करणारे बुश) आणि लांबी कमीजास्त करता येणारा ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड किटसोबतच घ्या. तिथे काटकसर नकोच. चेसिस स्टँडवर ठेवून चाकं पूर्ण लटकू द्या, ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जात नाहीत ना ते बघा. आणि हो, हेडलाइटचा झोत खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.