परदेशातील गुढीसाठी पाच वस्तू

परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेल्यावर पाडव्याला गुढी उभारायची इच्छा असते, पण बांबूची लांब काठी विमानातून नेणे अवघड असते आणि तिथे तांब्याचा गडू सहज मिळत नाही.

निघण्यापूर्वी दादरच्या बाजारातून लहान गडू, खणाचा कापडी तुकडा, थोडी सोनेरी जर, सुती दोरा आणि साखरेची गाठी घ्यावी. ओलावा लागला की गाठी चिकट होऊन तुटते, म्हणून ती मलमलीत गुंडाळून हवाबंद डब्यात भरावी. बाकीचे सामान कपड्यांच्या घडीत मावते.

काठीसाठी तिथेच फरशी पुसण्याच्या मॉपचा नवा, न वापरलेला दांडा विकत घ्यावा. गडू त्यावरून हमखास घसरतो; त्यासाठी दांड्याच्या टोकाला रुमालाचे तीन-चार वेढे घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधावेत, त्याच दोऱ्यात खण, जर आणि गाठी अडकवावी व सर्वांत शेवटी गडू पालथा दाबून बसवावा. काठी खिडकीच्या गजाला किंवा खुर्चीच्या पाठीला दोन ठिकाणी बांधावी, कारण एकाच ठिकाणी बांधली तर ती वाऱ्याने फिरते. कडुनिंब आणि आंब्याची पाने सोबतच्या स्वयंसेवकांनी हिरव्या कागदातून कापावीत. आमच्याकडे हे काम सर्वांना मनापासून आवडले.

ताजी पाने, फुले किंवा बिया सामानात मुळीच ठेवू नयेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याबाबतचे नियम फार कडक आहेत, आणि साखरेची गाठी खाद्यपदार्थ असल्याने तिचीही नोंद त्या देशात प्रवेशासाठी भरायच्या आगमनपत्रात करावी.